डाव्या गालावरचा खड्डा

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचते त्या दुपारी डोळा लागावा म्हणून. विश्वास कधीच नव्हता, आणि माझं कामच असं की त्यात भुताला बसायला जागा नाही. काळाचौकीला आमचा छोटा गाळा आहे. आकड्यांवर धातू कापणारं एक सीएनसी मशीन, एक कॉम्प्युटर आणि मी. आमच्या ह्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा पन्नाशीला मी कटरची वाट आखणारं कॅम सॉफ्टवेअर शिकले — व्हिडिओ बघत, चुकत, ह्यांची बोलणी खात. शाळा दहावीपर्यंत, तीही अर्धवट. पण एक कळलं, मशीन खोटं बोलत नाही. आकडा चुकला तरच काम चुकतं.

असं मी म्हणायचे... गेल्या वर्षीपर्यंत.

आमच्या समोरच्या चाळीतली नीलम फाईल घेऊन आली. तिचे वडील, आबा, मूळचे मालवणकडचे, पण जन्म गेला लालबागच्या कारखान्यांत गणपती आणि गौरी घडवण्यात. आता नजर पार गेलेली, अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. तरुणपणी त्यांनी बायकोला समोर बसवून गौरीचा मुखवटा केला होता. ती लवकर गेली, नीलमला तर आईचा चेहरा आठवतही नाही. प्लॅस्टरच्या त्या मुखवट्याचे पापुद्रे सुटायला लागले म्हणून पोरीने तो दादरला नेऊन स्कॅन केला, आणि परत आणताना हातातून पडून फुटला; उरली ती स्कॅनची फाईल. तेव्हापासून आबांचा एकच धोशा — एकदा तिच्या तोंडावरून हात फिरवू द्या.

"काकू, लवकर करा," नीलम म्हणाली. "त्यांच्याकडे वेळ नाहीये."

ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात चेहरा कापायचा, गोल टोकाच्या बारीक कटरने. मी म्हटलं, हे तर रोजचंच. कापून झाला, हवेने धातूचा कीस उडवला आणि बघते तर डाव्या गालावर, डोळ्याखाली, तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. ह्याला आम्ही गॉज म्हणतो. वळणाच्या जागी कटर ठरल्यापेक्षा खोल घुसतो आणि काम वाया जातं.

"खळी पाडलीस होय गं?" हे स्टुलावरून म्हणाले. "गौरी करतेयस की सिनेमातली नटी?"

मी हसले. गॉजची कारणं मला पाठ आहेत. फाईलमध्ये दोन पृष्ठभागांच्या मध्ये फट असेल — तो गाल मोठा करून करून बघितला, लोण्यासारखा गुळगुळीत. कटर वळणापेक्षा जाड असेल, म्हणून आणखी बारीक लावला. टॉलरन्स, म्हणजे चुकीला दिलेली सूट, घट्ट केला. कटर पकडीतून खाली सरकला म्हणावं, तर त्यापुढचं सगळंच खोल जायला हवं होतं... खड्ड्याच्या पलीकडे काम अगदी बरोबर. स्क्रीनवरच्या सिम्युलेशनमध्ये तर सगळं स्वच्छ. त्याच ठोकळ्यात थोडं आणखी खाली जाऊन पुन्हा कापायचे, की आधीचा खड्डा निघून जायचा आणि तिथेच नवा पडायचा.

शेवटी प्रोग्राम एकेक ओळ थांबवत चालवला. स्क्रीनवरच्या खोलीच्या आकड्यावरून डोळा हलवला नाही. आकडा बरोबर होता. आवाज बदलला नाही, मशीनला जोर पडला नाही. कटर पुढे सरकला आणि मागे खड्डा होता. तो कधी पडला ते मी समोर उभी असून मला दिसलं नाही. भर दुपारी, बाहेर हातगाडीवाला कांदे-बटाटे ओरडतोय, आणि मी मशीन बंद केलं.

ठोकळ्यात आणखी खाली जायला जागा उरली नव्हती. मग मी बाईमाणसाने करावं ते केलं. कानस घेतली, पॉलिश पेपर घेतला, आणि तो गाल हळूहळू घासून खड्डा मिटवला. कोणालाही कळलं नसतं.

आबांच्या छातीवर आम्ही तो चेहरा ठेवला. कपाळ, भुवया, नाक — अंगठा फिरत होता आणि म्हातारा हसत होता. डाव्या गालावर अंगठा थांबला. पुढेमागे झाला. पुन्हा तिथेच आला.

"हय देवी होती," ते म्हणाले. "कोणी घासल्यान?"

नीलमला वाटलं भ्रम झालाय. "आबा, देवीच आहे ना ही, गौरी." त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग तुटक तुटक सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. बायकोला लहानपणी देवी आल्या होत्या. फोडांचा एकच वण राहिला होता, डाव्या गालावर, डोळ्याखाली. मातीत त्यांनी तो जसाच्या तसा उतरवला होता. कारखान्यातले मोठे हसले, देवीच्या गालावर देवी कशी ठेवणार म्हणाले, आणि आबांनी अंगठ्याने तो बुजवला. मग साचा, मग प्लॅस्टर. तयार मुखवटा बायकोने बघितला आणि एवढंच बोलली, "म्हणजे ही मी न्हयच."

मुखवट्यावरच नव्हता तो, मग फाईलमध्ये कुठून येणार?

मी गाळ्यावर जवळजवळ धावत गेले. नवा ठोकळा, तीच फाईल, तोच कटर, तीच सेटिंग. ह्या वेळी मला खड्डा हवा होता. गाल आरशासारखा आला. परत लावला. परत स्वच्छ. आधीच्या सगळ्या चुका मुद्दाम केल्या — जाड कटर, ढिला टॉलरन्स. कुठे कुठे ओरखडे आले, तिथे काही नाही.

हे स्टुलावरून म्हणाले, "हाताने पाड. त्यांचे डोळे कुठे आहेत बघायला?"

पाडला. जागा माझ्या बोटांना पाठ होती. नेऊन दिला. आबांनी अंगठा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि उचलला.

"ही ती न्हय," म्हणाले. रागावले नाहीत. "रवांदे गो चेडवा." राहू दे पोरी, एवढंच, आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्यांनी तो चेहरा मागितला नाही, कोणाशी फारसं बोललेही नाहीत. गणपतीच्या आधीच गेले.

मी ओळखीच्या टूलवाल्याला विचारलं, मशीन दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. बॅकलॅश असेल, म्हणजे स्क्रूची ढिलाई, धातूची चिप अडकली असेल, व्होल्टेज असेल... असेल. पण मग नंतर का नाही? आणि कानस मी का उचलली, हे तर मी कोणाला विचारूही शकत नाही.

फाईल अजून कॉम्प्युटरवर आहे. काम नसलं की एखाद्या उरलेल्या तुकड्यावर तेवढाच गाल कापून बघते. हे स्टुलावरून विचारतात, "पडला?" मी अंगठा फिरवते आणि नाही म्हणून मान हलवते.