कोडाच्या बोटांनी भरलेला चुडा

गांगुर्डे सिस्टरांचं नाव आधी घेतो. त्या नसत्या तर मी नाशिक रोडला बांगड्या भरत बसलो नसतो. उदगीरकडच्या आमच्या गावात, घराच्या आतल्या खोलीत तोंड लपवून बसलो असतो. सिस्टर कुष्ठरोगाच्या सर्व्हेवर होत्या. सायकलवरून वस्त्यावस्त्यांत जायच्या, माणसांना उन्हात उभं करून पाठी आणि दंड तपासायच्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, दुसरं काही नाही. त्यांचं नाव घेतलं, आता झालं ते सांगतो.

काळेवहिनींच्या हातावर बांगडी वाढली.

आम्ही कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणतो. तोंडातून वाईट शब्द नको म्हणून. पण काच ती काचच. वहिनींच्या अंगठ्याच्या मुळाशी बारीक रक्त आलं. दुकानात संक्रांतीची गर्दी होती, सगळ्या जणी वळून बघायला लागल्या.

"अरे, झोपलास का शिवा?" वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं हात देते तुझ्याकडं, कधी ओरखडा नाही."

मी म्हणालो, "चुकलं वहिनी." आणि घाईत त्यांचं रक्त पुसायला गेलो. ओल्या साबणानं माझ्या बोटांची चिकटपट्टी सुटून त्यांच्या तळहातावर पडली. खाली माझी बोटं दिसली. तीन बोटांची टोकं पांढरी. दुधात बुडवून काढल्यासारखी.

वहिनींनी हात ओढून घेतला. तो ओढून घेतलेला हात मला अजून स्वप्नात दिसतो. तोंड दिसत नाही, फक्त हात. लांब लांब जात राहतो.

बांगडी भरणं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. बाईच्या हाताला साबण लावून आधी तो मऊ करायचा. अंगठ्याचं हाड तळव्यात दुमडायचं, बाकीची बोटं जवळ घ्यायची, आणि हात थोडा लहान झाला की त्या क्षणाला बांगडी सरकवायची. साईज आम्ही दोन-चार, दोन-सहा अशा बोलीनं सांगतो. पण साईज डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळते. हाड केव्हा ऐकतं, केव्हा नाही, हे बोटाच्या टोकाला समजतं. तिथंच मी चिकटपट्टी लावून बसलो होतो. कुणी विचारलं तर काच लागली म्हणायचो. कासाराच्या बोटाला काच लागायचीच, कुणाला संशय आला नाही.

मी सातवीतून शाळा सोडली. वडील वारले, मामानं लांबच्या नात्यातल्या अण्णांकडं पाठवलं. अण्णांचं दुकान स्टेशनपासून जवळच, तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन आत आलं की भिंतीभर रंग हलायचे. हिरवा, मोतिया, जांभळा. गिऱ्हाईक नसलं की मी ते बघत बसायचो. गाव, आई, बहिणी, सगळं त्या रंगात पोहत असल्यासारखं वाटायचं. अण्णा ओरडायचे, "ए उदगीर, जागा हो!"

लोकांना वाटतं, कासार बांगड्या बघतो. खरं तर तो कातडी बघतो. सोड्यानं धुणं धुऊन भेगाळलेले तळवे. घट्ट बांगड्यांखाली पाणी राहून उठलेला नायटा. बोटांच्या बेचक्यात खरूज. बायका पदराखाली हात घेऊन खाजवायच्या आणि मला म्हणायच्या, "दादा, जरा सैल भर हं, कुणाला सांगू नको." एक बाई तर हाताला इसब झालं म्हणून सणाला कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जात नव्हती. वर्षातून एकदा दुकान उघडताना यायची, बांगड्या भरून पदर गुंडाळून निघून जायची. मी कुणाचं कुणाला सांगितलं नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र मला वाटलं, सगळ्या शहराला कळलं.

त्या दिवशी अण्णांनी मला आत घेतलं.

"हे केव्हापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"भ्यालो."

"आता मी भ्यालोय," अण्णा म्हणाले. वाईट माणूस नव्हता. पण सवाष्ण बाई कासाराच्या हातानं चुडा भरते आणि उठताना त्याला नमस्कार करते. त्या नमस्काराला कोड चालेल का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, डोळ्यांत दिसला. "संक्रांत होईपर्यंत मागं बस. माल लाव, सेट बांध. संक्रांत झाली की गावी जा."

गावी जा, हे ऐकून आधी बहिणी आठवल्या. पैशाचं नंतर. दोन बहिणींची स्थळं चालू होती. भाऊ पांढरी बोटं घेऊन परत आला, एवढी एक गोष्ट गावात पोचली की कुणी दारात चहालाही आलं नसतं.

मग घाबरलेला माणूस करतो ते मी केलं. देवळाली कॅम्पच्या बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. त्यानं बावचीचं तेल दिलं. "लगाओ और धूप में बैठो." मी मागच्या अंगणात, पत्र्यापाशी बोटं उन्हात धरून बसलो. ऊन कोवळं होतं, गुंगी आली. मला दिसलं की बोटं हळूहळू भरतायत, जशी रिकामी पेटी बांगड्यांनी भरते. जाग आली तेव्हा काहीच दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र बोटांवर पाण्याचे मोठे फोड.

त्या दिवशी सिस्टर भाचीसाठी बांगड्या घ्यायला आल्या होत्या. मागं नळावर सायकलच्या वंगणानं काळे झालेले हात धुवायला आल्या आणि मी दिसलो.

"काय लावलंस?"

"काही नाही."

"बावची लावलीस. वास येतोय."

मी रडलो. लाज वाटली, पण रडलो. त्यांनी समजूत घातली नाही. पिशवीतून कापूस काढला, त्याची बारीक वात केली.

"फोड नाही तिथं बघू. डोळे मीट. लागलं की दुसऱ्या हातानं तिथंच बोट ठेव."

मी डोळे मिटले. कापूस म्हणजे जवळजवळ काहीच नाही. वाऱ्याची सावली म्हणावी तसा. पण पांढऱ्या जागेवर टेकला की कळत होता. दर वेळी कळला.

"उघड. तुला काय वाटत होतं, महारोग?"

मी मान हलवली.

"त्यात चट्ट्याला स्पर्श कळत नाही. तुला कळतोय. हे कोड. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांनी काम थांबवलंय. खाजत नाही, दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आणि ऐक, महारोग असता तरी त्याला औषध आहे. माझा अर्धा दिवस त्याच पेशंटांचे हात हातात घेण्यात जातो. मला काय झालंय?"

"बरं होईल का हे?"

"काहींचं भरून येतं, काहींचं नाही. खोटं सांगणार नाही. फोड आधी बरे होऊ दे. सिव्हिलमध्ये कातडीचे डॉक्टर बसतात, मी चिठ्ठी देते. उन्हात बसायचं ते त्यांना विचारून."

मी म्हणालो, "डॉक्टर काय करतील सिस्टर? बायका हात देणार नाहीत."

त्यांनी नळ बंद केला, चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. सायकल काढून गेल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी आत सेट बांधत होतो. फोड सुकले होते. बाहेरून अण्णांचा आवाज आला.

"या सिस्टर, बसा. भाचीला बसल्या का बांगड्या? काय दाखवू?"

"हिरवा चुडा. मला."

"तुम्हाला? ड्युटीवर चालतो?"

"नाही चालत. साहेब ओरडतील. ओरडू देत."

"बरं, द्या हात."

"तुम्ही नको अण्णा. शिवाला बोलवा."

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "त्याचा हात खराब आहे हो."

"हात कुठला खराब, कुठला नाही, हे बघायचा सरकार मला पगार देतं." त्या मोठ्यानं बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्याला कोड आहे. स्पर्शानं होत नाही. झालंच तर मला पहिलं होईल, मग या सगळ्या मला बघायला."

कुणीतरी हसलं. एक म्हातारी म्हणाली, "ही बया भलतीच हाय."

मी हात धुऊन बाहेर आलो. सिस्टरांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि हात पुढं केला. रुंद, खरखरीत, सायकलच्या मुठीनं घट्टे पडलेला. मी साबण लावला. पांढऱ्या बोटांनी त्यांच्या अंगठ्याचं हाड शोधलं. चिकटपट्टी नव्हती, सगळं ऐकू येत होतं, कातडीला कान असतात तसं. हाड दुमडलं. पहिली बांगडी गेली, मग दुसरी. उन्हाची तिरीप काउंटरवर आली होती, हिरवा रंग त्यांच्या मनगटावरून माझ्या बोटांवर सांडत होता आणि थोडा वेळ माझी बोटंही हिरवी दिसली. मला वाटलं, हे संपू नये.

चुडा भरून झाला. सिस्टर उठल्या आणि रीतीप्रमाणे मला वाकून नमस्कार केला. मी वयानं लहान. पण कासार त्या वेळी लहान नसतो.

कोपऱ्यातून एक परकरी पोरगी म्हणाली, "आई, आपण पण दादाकडूनच भरू ना." तिची आई उठून गेली नाही. शेवटी तिनं पोरीचा हात पुढं केला. स्वतःचा नाही.

त्या दिवशी मी तिघी-चौघींनाच भरल्या. बाकीच्या अण्णांच्या बाजूला थांबल्या. पण संध्याकाळी दुकान आवरताना अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी पुढंच बस. आणि बोटाला काही गुंडाळू नको, पुन्हा काच वाढवशील." गावी जायचं पुन्हा कधी निघालं नाही.

काळेवहिनी चैत्रात आल्या. समोर बसल्या, हात दिला आणि तोंड रस्त्याकडं वळवलं. "मी तिकडं बघते, तू भर." मी भरल्या. अजूनही येतात, अजूनही रस्त्याकडंच बघतात. चालतं. कासाराला हात लागतो, तोंड नाही.

बहिणींची लग्नं झाली. दोघींचे चुडे मी भरले. डॉक्टरांच्या औषधानं एक बोट भरून आलं, मग मनगटावर नवा डाग आला. तो वाढतोय. आता मी तो झाकत नाही. अनुभवावरून एवढंच सांगतो की कातडीचं काही असलं तर आधी कातडीच्या डॉक्टरकडं जावं, बाजारात बसलेल्याकडं नाही. फोड नसते आले तर बरं झालं असतं.

सिस्टरांची पुढच्याच पावसाळ्यात सुरगाण्याकडं बदली झाली. निघताना भेट झाली नाही. एवढ्या लांब येऊन पडलेल्या माणसासाठी कुणी साहेबाची बोलणी खाल्ली, हे मला आईलासुद्धा नीट सांगता आलेलं नाही. तो चुडा ड्युटीत किती दिवस राहिला असेल कोण जाणे. एकदा दुकानाला सुट्टी घेऊन, पेटी काखेला मारून सुरगाण्याच्या गाडीत बसणार आहे. स्टँडवर उतरून सायकलवाल्या सिस्टर कुठं राहतात ते विचारीन. त्या नको म्हणतील. तरी हात मऊ करून दोन्ही हात भरून देईन, आणि त्या दिवशी नमस्कार मी करीन.