गंधसरूचा अर्धा उतारा
नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या ओल्या लाकडाचा वास आला की नागपुरातल्या आमच्या चर्चमधला एक सत्कार आठवतो. सत्कार आमच्याच दफनभूमीतून रस्ता काढायला निघालेल्या पुढाऱ्याचा होता. चर्चच्या सेक्रेटरीने बायबलमधल्या संदेष्ट्याचा उतारा वाचला: अश्शूरचं साम्राज्य म्हणजे उंच गंधसरू, त्याच्या फांद्यांत पाखरं, सावलीत राष्ट्रं. "साहेब, ते झाड तुम्हीच!" टाळ्या पडल्या. जिच्या नवऱ्याची कबर त्या दफनभूमीत होती, ती म्हातारी उठली. "पुढचं काहून नाही वाचत गा? माजलं म्हणून देवानं तोडलं ना ते झाड?" "बसा नं वं आजी, जेवण थंडं होऊन राहिलं," सेक्रेटरी म्हणाला आणि त्याने माईक बंद केला. म्हातारीने उरलेला उतारा उभ्यानेच वाचला. तोवर सगळे पंगतीला गेले होते. रस्ता झाला. आज ऑफिसला जाताना माझी गाडी त्याच कबरीवरून जाते, आणि पुढाऱ्यापेक्षा जास्त राग टाळ्या वाजवणाऱ्यांचा येतो.