लाईव्ह बंद पडलं, पण मी धड हाय

पिंपळवंडीकरांनो, मी जिवंत हाय, रडारड थांबवा!

इथं परराज्यात मी रोज जे छोटं विमान धुतो, त्यात आज पायलट साहेबांनी पहिल्यांदाच बसवलं. तुमाला लाईव्ह दाखवत व्हतो. चाकं जमिनीवरून उचलली आन् इंजिनाचा जोरच गेला.

"साहेब, मागं फिरवा!" मी वरडलो. मोबाईल हातातून पडला.

त्यांनी न्हाई फिरवलं. समोरच्या मोकळ्या रानात सरळ उतरवलं. लई आदळलो, पण दोघंबी धड.

"इतक्या कमी उंचीवर वळवलं असतं तर पडलोच असतो," साहेब म्हणाले.

आईला फोन केला. आधी रडली, मग म्हणली, "मेल्या, जेवलास का?"

पण राव, घडीभर जमीन खाली गेलेली बघितलीय. इंजिन दुरुस्त झालं की परत बसणार. तुमी बसला असता का?

परत बसणार हे आईला मात्र कळू देऊ नका.