इटलीची रंगीत तालीम

आम्ही नवरा-बायको इटलीला निघालोय हे मी शेजाऱ्याला सांगितलं, ही माझी चूक. तो इथल्या आखातातल्या फुजैराच्या बंदरात सेफ्टी ऑफिसर. ड्रिल केल्याशिवाय घरचा गॅससुद्धा पेटवत नाही, आणि बोलतो तेही शिट्टी फुंकल्यासारखं.

शुक्रवारी त्यानं आम्हाला भरलेल्या बॅगांसकट आमच्या रोल्ला बाजाराच्या उन्हात फिरवलं. "हा राउंडअबाउट म्हणजे रोम समजा. यल्ला, चला चला, फोटो! खलास, आता फ्लॉरेन्स!" फ्लॉरेन्स साड्यांच्या दुकानासमोर होतं. लग्नापासून इटलीचा ध्यास घेतलेली बायको तिथेही खरोखर हरखून बघत होती. मी सावली शोधत होतो.

मग त्याच्या घरी व्हेनिसचं डिनर. हातावर नॅपकिन टाकून तो वेटर झाला. स्पॅगेटी म्हणून त्यानं उकडलेल्या शेवया अदबीनं वाढल्या. बायकोनं त्या काट्यावर सुरेख गुंडाळल्या. मी भुकेनं कासावीस होऊन हातानंच कालवल्या आणि विचारलं, "थोडं दही मिळेल का?"

वेटरनं नॅपकिन खाली ठेवला.

"वहिनी, तुम्ही पास," तो म्हणाला. "इटलीला तुमच्या बहिणीला घेऊन जा. याला मी फुजैराला नेतो, ड्रिलला."