वाकडा हात

कारखान्यात त्याला सगळे 'हुबेहूब' म्हणत. मूळ चित्रावर माशी बसली तर हा तीही उतरवेल, अशी थट्टा चाले. गाजलेल्या चित्रांच्या नकला हाताने रंगवून हॉटेलांना आणि दिवाणखान्यांना पुरवणं हा त्या कारखान्याचा धंदा. एकवीस वर्षांत हुबेहूबने एक बाई इतक्यांदा रंगवली होती की मोजदाद उरली नव्हती. एक्स्प्रेशनिस्ट चित्र ते, म्हणजे आतली कळ दिसावी म्हणून रंग-आकार मुद्दाम वेडेवाकडे केलेलं. लाल पलंगावर आडवी झालेली बाई, हिरवट चेहरा, आणि डावा हात मनगटात असा पिरगळलेला की बघणाऱ्याचं मनगट दुखावं. गिऱ्हाइकांना ती पडद्यांना रंग जुळतो म्हणून हवी असे, ते सोडा.

यंदा मात्र तीन चित्रं परत आली. मालकाने ती ओळीने भिंतीला टेकवली.

"अहो हुबेहूब, हात बघा! सरळ केलात की तुम्ही! तिन्हींत!"

"झालं खरं तसं."

"चित्रकार काय खुळा होता? पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

हुबेहूबने मान डोलावली. त्याला ना राग आला, ना लाज वाटली. आठ महिन्यांपूर्वी बायकोला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. सकाळ-संध्याकाळ तो तिच्या डाव्या मुठीतलं एकेक बोट उलगडायचा, मनगट सरळ करायचा, वीस वेळा. त्याच्या हाताला तेच वळण पडलं होतं. कुंचला धरला तरी हात तेच करी.

चौथ्या चित्रात हात रंगवायचा त्या सकाळी तो बायकोच्या तपासणीचे कागद घेऊन एकटाच दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलल्या, "काका, हा हात आता सुटायचा नाही. व्यायाम बंद केलात तरी चालेल."

"बरं," तो म्हणाला, आणि कामावर गेला.

दुपारी मालक पाठीमागे येऊन उभा राहिला. "आता कसं! अगदी मूळच्यासारखं!"

हुबेहूबने पाहिलं. हात पुरता वाकडा उतरला होता, आणि त्यासाठी त्याला जराही कष्ट पडले नव्हते. नोकरी वाचली होती. पण एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या बाईकडे बघवेना.

संध्याकाळी बायको उशीला टेकून बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला पाहताच तिने उजव्या हाताने डावा हात उचलून पुढे केला.

"उशीर केलात आज. चला, मोजा."

तो कडेला बसला आणि मोजू लागला.

"अहो, वीस झाले की," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"चुकलो मोजायला," तो म्हणाला, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.