देवाला हवीत गं

इथे परदेशात, ट्रुगानिनातल्या आमच्या घरापुढे रुमालाएवढी जागा आहे. लॉकडाऊनमध्ये मी तिथे थंडीला दाद न देणारी जिरॅनियमची तीन झाडं लावली, एक जांभळं, एक गुलाबी आणि एक पांढरं. फुलं बघायची, सगळ्यात आवडेल ते ठेवायचं आणि बाकीची काढायची, असा बेत होता. पण फुलं बघायला मिळतील तर ना!

शेजारच्या काकू सकाळी मास्क लावून, पंजाबी ड्रेसवर मुलाचं जॅकेट चढवून, हातात ब्रेडची रिकामी पिशवी घेऊन वॉकला निघायच्या. मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत झाडं बोडकी झालेली असायची.

"काकू, निदान विचारायचं तरी!"

"अगं, देवाला हवीत गं. झाडावर राहून काय करणार ती?" वर तक्रार, "त्या जांभळ्याच्या पाकळ्या फार लवकर गळतात हं!"

एका सकाळी मात्र तिन्ही झाडं फुलांनी भरलेली दिसली. मी खूश झाले. तेवढ्यात काकू रिकाम्या हातांनी आल्या.

"आज पिशवी विसरलात?"

"आमचे धाकटे भावजी गेले गं नाशकात, कोविडने. जाता येत नाही. सुतक आहे, पूजा बंद. राहू देत तुझी फुलं."

इतके दिवस हवी होती ती फुलं समोर होती आणि मला त्यातलं एकही आवडेना.

सुतक फिटल्यावर पहिल्याच सकाळी पांढरं झाड पार ओरबाडलेलं होतं. बाकीच्या दोन्हींना हातही लावला नव्हता. म्हणजे निवडसुद्धा या बाईनेच केली! चरफडत मी ती दोन्ही उपटली आणि तिथेही पांढरंच लावलं.