रेवाने न घातलेले कपडे

काही घरांत डबे साठतात, काही घरांत औषधं. आमच्याकडे किस्से साठतात आणि त्यांना जागासुद्धा ठरलेली आहे: कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा. तिथे माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीचे, रेवाचे, सणाचे कपडे आहेत. सगळे तिच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी आणलेले. सगळे सुंदर. अंगाला लागलेला एकही नाही. परवा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, देऊन टाक ना कुणाला तरी." मी म्हटलं, "देईन यार, पण प्रत्येकासोबत त्याची गोष्टही ऐकावी लागेल."

सासूबाईंना मी आई म्हणते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात उभा जन्म नोकरी करून त्या सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाल्या. त्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, दिल्लीच्या द्वारकेला राहतात, आम्ही नोएडाला. मध्ये अख्खी दिल्ली आहे. पण ड्रेस आणायचा असला की आईंना ती दिसत नाही. त्यांची मागणी तशी छोटीच. नातीने आपण आणलेला कपडा एका सणाला घालावा आणि त्याचा एक फोटो असावा. त्यांच्या सगळ्या मैत्रिणींकडे आहे.

* * *

पहिल्या दिवाळीला रेवा पाच महिन्यांची होती. आईंना परकर-पोलकं हवं होतं. लाजपत नगरच्या दुकानदाराने लेहंगे काढले, एकावर एक. त्यांतल्या त्यात साधा, खणासारखा दिसणारा एक आईंनी उचलला, तर त्याने वर ओढणी ठेवली.

"भैया, दुपट्टा रहने दीजिए. बच्ची अभी बैठती भी नहीं."

"कोई बात नहीं मैडम, लेटे-लेटे ओढ़ लेगी."

घरी येऊन उलगडला तेव्हा कळलं की तो तीन वर्षांच्या मुलीचा आहे. आई म्हणाल्या, "वाढतं अंग आहे, मुक्ता." त्या रात्री मी फोनवर वाढीचा तक्ता काढून रेवा कधी तेवढी होईल ते बघितलं. मी अशीच आहे.

ती तेवढी झाली तेव्हा लेहंगा अंगाला लागूही देईना.

* * *

रेवा दोन वर्षांची झाली आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. तिला शिवणी टोचतात, लेबल टोचतं, जरीचे मागचे धागे टोचतात. जुना टी-शर्ट सोडून काहीही घातलं की ती अंग आक्रसून उभी राहते आणि मग किंचाळते. मी त्यावर इतके लेख वाचले की शेवटी मलाही अंगातले कपडे टोचायला लागले.

आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आमची मुलं नाही टोचली कधी." वाक्य नीटसं लागलं नाही, पण रोख कळला.

मग मी रेवाला डॉक्टरांकडे नेलं. पुरावा म्हणून पिशवीत नवा ब्रोकेडचा फ्रॉक घेतला. डॉक्टरांनी रेवाला तपासलं. मग फ्रॉकच्या आत हात घालून बघितलं आणि म्हणाल्या, "ये तो मुझे भी चुभ रहा है."

मी विजयी मुद्रेने हे आईंना कळवलं.

"फ्रॉक दाखवलास डॉक्टरांना?"

"हो."

"अच्छा. आणि पर्चीवर नाव कुणाचं लिहिलं?"

* * *

आईंचं म्हणणं पडलं की दोष रेडिमेडचा आहे, माप घेऊन शिवायला हवं. मुनिरक्यात त्यांचा जुना टेलर आहे; सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हापासूनचा. पण रेवा टेप अंगाला लावू देईना. तेव्हा ती दुपारी झोपल्यावर आईंनी सुतळीने माप घेतलं. एक गाठ उंचीची, एक छातीची, एक बाहीची. अगदी बिनचूक काम. फक्त कुठली गाठ कशाची, ते लिहून ठेवायचं राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवरच्या नोटिंगमधल्या चुका काढलेल्या बाईंकडून.

फ्रॉक आला. छाती उंचीच्या मापाची, उंची बाहीच्या मापाची. आडवा धरला तर उशीचा अभ्रा, उभा धरला तरी उशीचा अभ्राच.

आई तो घेऊन तडक मुनिरक्याला गेल्या. टेलर फ्रॉककडे बघून शांतपणे म्हणाला, "मैडम, नाप आपका, बच्ची आपकी. मैं बीच में कौन होता हूँ?"

* * *

त्यानंतर कुणीतरी सांगितलं की पानिपतला मऊ सुती कापड मिळतं. आई निघाल्या, बाबांना घेऊन. बाबा दिवसाला सरासरी दोन वाक्यं बोलतात. त्या दिवशीचं पहिलं त्यांनी निघतानाच वापरलं, "मराठी माणसाने पानिपतला जाताना फार आत्मविश्वास दाखवू नये."

संध्याकाळी समीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोन केला. "बाबा, मिळालं का कापड?"

"चार चादरी, दोन रजया, एक सतरंजी," बाबा म्हणाले. "फ्रॉकचं कापड नाही."

* * *

गेल्या दसऱ्याला प्रयोग करायची पाळी माझी होती. एका पुस्तकात वाचलं होतं की मुलांना हळूहळू सवय लावावी. मी भिंतीवर चार्ट लावला. नवा ड्रेस एक मिनिट घातला की एक स्टार.

पहिल्या दिवशी रेवाने ड्रेस नीट उलगडला, सोफ्यावरच्या कुशनला घातला, मागची बटणंसुद्धा लावायला लावली. मग म्हणाली, "मम्मा, कुशनने घातला. कुशनला स्टार दे."

नियमात काही खोट सापडली नाही. कुशनला त्या आठवड्यात नऊ स्टार मिळाले.

आईंनी चार्ट बघितला. "कुशनची प्रगती चांगली आहे," म्हणाल्या. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "या दिवाळीला शेवटचा आणते. नाही घातला तर पुढच्या वर्षीपासून पुस्तकं आणीन. पोरीला दरवेळी रडवायचं आणि त्याला सण म्हणायचं, बरं नाही ते."

मला हायसं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

* * *

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई-बाबा आले. आईंनी अंजिरी कांजीवरम नेसली होती. पिशवीत परकर-पोलकं होतं, मोरपंखी, गुळगुळीत रेशमाचं. लेबल कापलेलं, शिवणी इस्त्रीने दाबलेल्या. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं, वर्षभर.

रेवाने घातलं. मी सेकंद मोजत होते. वीसपर्यंत पोचले. मग तिचं अंग आक्रसलं, तोंड वाकडं झालं आणि तिने दोन्ही कपडे ओरबाडून काढले. ते उलटे होऊन जमिनीवर पडले.

"राहू दे," आई म्हणाल्या. "घाल तिला टी-शर्ट." आणि त्या दिव्यांच्या वाती सारख्या करायला लागल्या. वाती सारख्याच होत्या.

मी टी-शर्ट घेऊन आले तेव्हा रेवा पोलक्यावरून हात फिरवत बसली होती. तिने ते उचललं, पडलं होतं तसंच उलटं, आणि डोक्यातून घातलं. मग परकरही तसाच. शिवणी बाहेर, धागे बाहेर, हुक बाहेर, गुळगुळीत रेशीम आत. ती दोन-चार पावलं चालली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "आजी, चलो, दिये."

मी घाईने म्हटलं, "रेवा, थांब हं, आपण नीट..."

"हात लावू नकोस, मुक्ता," आई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा कांजीवरम उलटी नेसलेली होती. फॉलची पट्टी बाहेर, काठाचे सुटे धागे बाहेर, निऱ्या मात्र नेहमीसारख्या एकसारख्या.

दोघी दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये पणत्या ठेवायला गेल्या. समोरच्या आंटी मिठाई घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी आजीकडे बघितलं, नातीकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "आप लोगों में दिवाली पर ऐसे पहनते हैं क्या?"

"जी," आई म्हणाल्या. "बिल्कुल."

"पूरी फैमिली?"

आईंनी मागे वळून बघितलं. बाबा खुर्चीतून उठले, एकही वाक्य खर्च न करता आत गेले आणि दोन मिनिटांनी उलटा कुर्ता घालून आले. दोन्ही खिसे बाजूंना लोंबत होते. ते रेवाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. समीरने फोन वर धरला.

"थांब," आई म्हणाल्या. त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अहो, आणि पायजमा?"